शालेय वर्ष व बारमाही शाळा

शाळेचे अध्यापन वर्षाच्या ज्या कालखंडात चालते, त्या कालखंडास शालेय वर्ष म्हणतात. महाराष्ट्रातील परंपरागत शालेय वर्ष जूनच्या मध्यास सुरू होऊन एप्रिलअखेर संपते. दिवाळीच्या सुटीमुळे त्याची दोन सत्रे पडतात आणि मे महिना व जूनचा पूर्वार्ध उन्हाळी सुटीत जातो. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा काहीशा उशिरा उघडतात. या रचनेला पर्याय म्हणून बारमाही शाळेची कल्पना मांडण्यात येते. तथापि ‘बारमाही शाळा’ या एकाच नावाखाली तीन भिन्न व्यवस्थांचा निर्देश होतो. पहिलीत अध्यापनाचे एकूण दिवस तेच ठेवून दीर्घ सुटीची लहान लहान सुट्यांत विभागणी करतात. दुसरीत विद्यार्थ्यांचे गट पाडून त्यांच्या सुट्या आलटूनपालटून ठेवतात, त्यामुळे इमारत वर्षभर वापरात राहते. तिसरीत सुटीच रद्द करून अध्यापनाचे दिवस प्रत्यक्षात वाढवितात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कर्डेलवाडी येथील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा हे तिसऱ्या प्रकाराचे महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध उदाहरण होय. शिरूर आणि त्याच्या दक्षिणेचा दौंड या दोन तालुक्यांत शेती, ऊसतोडणी आणि शाळा यांची वेळापत्रके परस्परांशी कशी जुळतात वा विसंगत ठरतात, हे स्पष्टपणे पाहावयास मिळते.

प्राचीन व पारंपरिक पद्धती : प्राचीन भारतीय अध्ययनपरंपरेत वर्षभर अखंड अध्ययन अभिप्रेत नव्हते. श्रावण अथवा भाद्रपद पौर्णिमेस उपाकर्म करून वेदाध्ययनास आरंभ करावा, साडेचार महिने अध्ययन करावे आणि पौष महिन्यात अथवा माघ शुद्ध प्रतिपदेस उत्सर्जन करावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. या सत्रातही अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी व चतुर्दशी या तिथी, तसेच मेघगर्जनेसारखे प्रसंग हे अनध्यायाचे म्हणजे अध्ययन बंद ठेवण्याचे मानले जात. अध्ययनाच्या काळाचे नियमन ऋतू व चंद्रकला यांवरून होत असे, हा यातील लक्षणीय भाग होय.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत अशा तिथींच्या सुट्या व सणवार पाळले जात. तेथे इयत्ता नव्हत्या; प्रत्येक मुलगा आपल्या गतीने धुळाक्षरे, मोडी वाचन-लेखन, अंक, पाढे व पावकी-निमकी शिकत असे. सर्वांनी एकाच दिवशी प्रवेश घ्यावा आणि एकाच दिवशी परीक्षा द्यावी, अशी व्यवस्था नसल्यामुळे सुगीसाठी पंधरा दिवस घरी राहिलेला मुलगा परत येई, तेव्हा आपल्याच जागेपासून पुढे जाई. या शाळांची दारे समाजाच्या मोठ्या भागास बंद होती, हा त्यांचा मूलभूत दोष होता. मात्र मुलाची अनुपस्थिती ही त्याची नापासी ठरत नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

ब्रिटिश अमदानी : १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. त्यासोबत इयत्ता, हजेरीपट, तपासनीसाची भेट आणि वार्षिक परीक्षा या गोष्टी खेड्यापर्यंत आल्या. वर्ष हे शिक्षण मोजण्याचे माप बनले. एका इयत्तेचा अभ्यास एका वर्षात, आणि तो न झाल्यास पुन्हा तेच वर्ष, हा क्रम रूढ झाला. कालगणनेच्या या साचेबंदपणाचा त्रास सर्वांत आधी शेतकरी व कष्टकरी कुटुंबांना झाला.

हंटर आयोगासमोर १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शेतकरी वर्गातील थोडी मुले शाळेत येतात, पण दारिद्र्य व अन्य कारणांमुळे ती फार काळ टिकत नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले. खुद्द आयोगानेही शाळेची दैनंदिन वेळ आणि ती बंद ठेवण्याचे हंगाम यांबाबत, विशेषतः शेतीप्रधान खेड्यांत व मागास जिल्ह्यांत, शक्य तितकी मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली. स्थानिक जीवनाशी जुळणाऱ्या शालेय वर्षाचा विचार म्हणजे आजचे नवे खूळ नव्हे. तो जवळजवळ दीड शतकापूर्वी सरकारी दप्तरात नोंदला गेलेला आहे. व्यवहारात मात्र एकच वेळापत्रक सर्वत्र लागू करणे प्रशासनास सोयीचे वाटले आणि तेच पुढे ‘परंपरागत’ ठरले.

शेतीचे वर्ष व शाळेचे वर्ष : उन्हाळी सुटी शेतीच्या कामांसाठी ठेवली गेली, असा समज सर्वत्र आढळतो. शिरूर व दौंड तालुक्यांच्या पीकवर्षाकडे पाहिल्यास तो टिकत नाही. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतात. खरिपाची बाजरी जून-जुलैत पेरतात व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. म्हणजे पेरणी, खुरपणी, काढणी व मळणी या सर्व कामांच्या वेळी शाळा भरलेली असते. आणि रान मोकळे पडते त्या मे महिन्यात शाळा बंद असते. उन्हाळी सुटीची खरी कारणे ऊन, पाण्याची टंचाई, पत्र्याच्या छपराखालील वर्ग, लग्नसराई आणि न्यायालये, महाविद्यालये इत्यादींमध्ये रुळलेला सुटीचा परिपाठ ही होत. जिरायती शेतकऱ्याच्या मुलाला कामासाठी घरी ठेवावयाचे असेल, तर त्याला शाळा बुडवावीच लागते; सुटीचा त्यास उपयोग नाही.

कालव्यांच्या पाण्याने या प्रदेशात दुसरे एक वर्ष आणले. खडकवासला धरणाच्या मुठा उजव्या कालव्यामुळे दौंड तालुक्यात, तर चिंचणी येथील घोड धरणामुळे व पुढे चासकमान प्रकल्पामुळे शिरूर तालुक्यात बागायत वाढली. दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा, तर शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. केडगाव परिसरात गुऱ्हाळे वाढली. उसाचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या हंगामासाठी बीड, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), जालना इ. जिल्ह्यांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पहाटेपासून फडात राबते. मुले कोपीवर राहतात. त्यांतील मोठी, बहुधा मुलगी, धाकट्यांना सांभाळते, पाणी आणते, वाढ्यांच्या मोळ्या बांधते.

या मुलाचे शालेय वर्ष कसे असते? जूनमध्ये गावच्या शाळेत त्याचे नाव पटावर असते. दसऱ्यानंतर टोळी निघते आणि दुसरे सत्र संपूर्ण बुडते. मार्च-एप्रिलमध्ये तो परत येतो, तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली किंवा उरकलेली असते. पुढचे दीड-दोन महिने तो गावात असतो, आईवडीलही गावात असतात. पण नेमकी त्याच वेळी शाळा बंद असते. वर्षात त्याला निश्चिंतपणे शिकता येईल असा जो काळ आहे, तोच परंपरागत वेळापत्रकाने सुटीसाठी राखून ठेवला आहे. शालेय वर्षाच्या रचनेचा प्रश्न निव्वळ सोयीचा नसून न्यायाचा आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

शाळेचा काळ मुलानुसार बदलण्याचे प्रयत्न : महाराष्ट्रात असे प्रयत्न वेळोवेळी झाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मुंबईत १८८९ मध्ये स्थापन केलेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला आणि दौंड तालुक्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’चा विस्तार झाला. तेथे शाळेबरोबरच विणकाम, मुद्रण यांसारखे उद्योग शिकविले जात. ज्यांना सुटीत जावयास घरच नव्हते, अशांची ती बारमाही शाळाच होती. सुटीची कल्पना घराच्या अस्तित्वावर उभी आहे, ही गोष्ट केडगावच्या इतिहासातून दिसते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील कोसबाड येथे कुरणशाळेचा प्रयोग केला. गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच कुरणात नेली. पुण्याच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन’ या संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा प्रकल्प राबविला. जे. पी. नाईक व चित्रा नाईक यांच्या विचारांतून घडलेल्या या प्रकल्पात दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग भरत व त्यांत मुलींचे प्रमाण मोठे होते. याच संस्थेच्या छत्राखाली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. औपचारिक शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांना तेथे निवासी राहून ग्रामीण तंत्रज्ञान हातांनी करीत शिकता येते. कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा आणि वीटभट्ट्यांवरील भोंगाशाळा हेही याच दिशेचे प्रयत्न होत. या सर्व प्रयत्नांत मुलाच्या दिनक्रमाला मध्यवर्ती स्थान देऊन शाळेची वेळ वा जागा बदलण्यात आली.

शासकीय धोरण : कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळांचे अध्यापन वर्षाला सु. ३९ आठवडे, म्हणजे २३४ दिवस चालावे आणि दीर्घ सुट्यांखेरीज अन्य सुट्या दहांपेक्षा अधिक नसाव्यात, अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा संहितेत सर्व प्रकारच्या सुट्यांची मर्यादा वर्षाला ७६ दिवस व कामाच्या दिवसांचे किमान प्रमाण २३० अशी आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन बंधनकारक केले. स्थलांतरित मुलास दुसऱ्या शाळेत दाखल होण्याचा आणि वयानुरूप वर्गात बसविल्यावर विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही या अधिनियमाने दिला. त्यानंतर हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक आणि नियमित शाळेतील प्रवेश या उपायांवर भर आला.

या सर्व तरतुदींत मोजला जातो तो शाळेचा दिवस. मुलाचा दिवस नव्हे. शाळा २३० दिवस उघडी राहिली, तरी सहा महिने फडावर असलेल्या मुलाच्या वाट्यास त्यांतील निम्मेही दिवस येत नाहीत. कायद्याची अट पूर्ण होते आणि मूल मात्र अशिक्षित राहते.

कर्डेलवाडीची शाळा : शिरूर तालुक्यातील कर्डेलवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत दत्तात्रय सकट व बेबीनंदा सकट या शिक्षक दांपत्याने २००१ पासून रविवार, सण व दीर्घ सुट्या यांसह वर्षाचे ३६५ दिवस शाळा चालविण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो सुमारे दोन दशके अखंड चालू राहिल्याने सर्वत्र गाजला. किमान २३० दिवसांच्या तुलनेत येथील मुलांना वर्षाला १३५ दिवस अधिक उपलब्ध झाले. नासिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी या आदिवासी पाड्यावरील शाळाही पुढे अशाच बिनसुटीच्या अध्यापनासाठी प्रसिद्धीस आली.

या उदाहरणाचे मोल दुहेरी आहे. सरकारी शाळा, साधी वस्ती व मोजके शिक्षक असूनही शाळेचे दार रोज उघडे राहू शकते, हे त्याने सिद्ध केले. आज न आलेल्या मुलाला उद्या यावयास जागा असते. मागे पडलेल्यासाठी वेगळा वर्ग काढावा लागत नाही. इयत्तांच्या चौकटीत राहूनही पंतोजींच्या शाळेतील ‘आपल्या जागेपासून पुढे’ ही सवलत अशा शाळेत नकळत परत येते. दुसरीकडे, हा उपक्रम नियमाने नव्हे, तर व्यक्तींच्या निष्ठेने चालला. पतिपत्नी दोघेही एकाच शाळेत असणे, वस्ती लहान असणे आणि पालकांची साथ असणे हा योग सर्वत्र जुळून येत नाही. जे एका दांपत्याने स्वेच्छेने केले, ते हजारो शिक्षकांवर आदेशाने लादता येत नाही.

परदेशांतील अनुभव : अमेरिकेतही उन्हाळी सुटीचे मूळ शेतीत असल्याचे मानले जाते; परंतु एकोणिसाव्या शतकात तेथील ग्रामीण शाळा बहुधा हिवाळा व उन्हाळा अशा दोन सत्रांत भरत आणि पेरणी व काढणीसाठी वसंत व शरद ऋतूंत बंद राहत. शहरांतील शाळा जवळजवळ वर्षभर चालत. आजची दीर्घ उन्हाळी सुटी ही या दोहोंच्या एकसूत्रीकरणातून व शहरी उन्हाळ्याच्या उकाड्यातून निर्माण झाली. इंडियाना राज्यातील ब्लफ्टन येथे १९०४ मध्ये चार सत्रांच्या बारमाही शाळेचा आरंभीचा प्रयोग झाला. १९६९ मध्ये मिसूरी राज्यातील फ्रान्सिस हॉवेल शालेय विभागात ४५ दिवस अध्यापन व १५ दिवस सुटी ही योजना सुरू झाली. तीत वर्षाचे अध्यापनदिन १८० च राहतात. लॉस अँजेल्ससारख्या शहरांत गटागटांची बारमाही पद्धत विद्यार्थ्यांची गर्दी सामावून घेण्यासाठी स्वीकारण्यात आली. आपल्याकडील दोन पाळ्यांच्या शाळेत दिवसाची जी विभागणी होते, तशीच ही वर्षाची विभागणी होय.

हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केलेल्या संशोधनसमीक्षेत उन्हाळी सुटीनंतर विद्यार्थ्यांची गुणवत्ता सरासरी एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घटते, असे आढळले. गणितात ही घट अधिक होती. वाचनात गरीब मुलांची पिछेहाट विशेष दिसली. मात्र केवळ सुट्यांची फेरवाटणी करणाऱ्या शाळांचे एकूण लाभ अल्प असल्याचे २००३ च्या समीक्षेत दिसून आले. वंचित मुलांच्या बाबतीत ते काहीसे अधिक होते. नॉर्थ कॅरोलायनातील वेक परगण्याविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अशा फेरवाटणीचा सरासरी विद्यार्थ्यावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. तेवढेच दिवस वेगळ्या रीतीने मांडल्याने फार काही साधत नाही, असा याचा इत्यर्थ आहे.

आक्षेप व मूल्यमापन : बारमाही शाळेविरुद्धचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. मे महिन्यात पत्र्याखालील वर्ग मुलांच्या प्रकृतीस अपायकारक ठरतो. सुटीत मूल आजोळी जाते, विहिरीत पोहावयास शिकते, जत्रा पाहते. हेही शिक्षणच आहे. शिक्षकास दीर्घ सुटीचा लाभ असल्याने त्याची अर्जित रजा इतर कर्मचाऱ्यांहून कमी असते. प्रशिक्षणे व जनगणनेसारखी कामेही त्याच्या सुटीवर येऊन पडतात. त्याच्याकडून विनामोबदला वर्षभर काम घेणे अन्यायाचे होय. परंतु ज्याच्या घरी सुटी म्हणजे आजोळ नसून काम आहे, त्या मुलाला हा युक्तिवाद लागू पडत नाही. शाळा बंद म्हणजे दुपारचे जेवणही बंद. म्हणूनच दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही शालेय भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे बंद झालेले राज्यातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागले. या अनिच्छेच्या दीर्घ सुटीत कोणाचे शिक्षण चालू राहिले व कोणाचे तुटले, याचा अनुभव सर्वांस आहे.

यावरून सर्व शाळा बारमाही कराव्यात असे निष्पन्न होत नाही; तसेच एकच वेळापत्रक सर्वांस न्याय देते, असेही म्हणता येत नाही. शिक्षकाच्या सेवाशर्तींना बाध न आणता, अदलाबदलीने रजा देऊन वा जादा मनुष्यबळ नेमून, स्थलांतर करणाऱ्या गावांतील शाळा एप्रिल ते जून या काळात सकाळच्या वेळी उघड्या ठेवणे आणि शिरूर-दौंडसारख्या कारखान्यांच्या तालुक्यांत गळीत हंगामात येणाऱ्या मुलांना लगेच सामावून घेणे, या दोन गोष्टी शक्य कोटीतील आहेत. १८८२ च्या आयोगाने सुचविलेली मोकळीक हीच होती. शालेय वर्षाची कसोटी शाळा किती दिवस उघडी होती ही नसून, मूल मोकळे होते त्या दिवशी ती उघडी होती की नाही, ही होय.